'सब्जेक्ट' : एका शब्दाची उलटीपालटी



आज मी एकच शब्द घेऊन आलो आहे, आणि तोही इंग्रजी. शब्द आहे 'सब्जेक्ट'. तुम्ही म्हणाल, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? सब्जेक्ट म्हणजे विषय. गणित, भूगोल, इतिहास. पाचवीतला मुलगाही सांगेल.

बरोबर आहे. पण तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला बसतो तेव्हा त्याला वाक्यातला 'सब्जेक्ट' ओळखायला सांगतात. तिथे त्याचा अर्थ विषय नसतो, कर्ता असतो. त्याचे वडील दुकानातून बिल आणतात. त्यावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन'. म्हणजे काही भांडण झालंच तर ते पुण्याच्या कोर्टात. इथे सब्जेक्ट म्हणजे अधीन. त्याचे पणजोबा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात जन्मले असतील तर ते स्वतःच 'सब्जेक्ट' होते, म्हणजे प्रजा. आणि त्याची ताई तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करत असेल, तर तिच्या पुस्तकात सब्जेक्ट म्हणजे जाणणारा, ज्ञाता, 'मी'.

आता बघा. विषय, कर्ता, अधीन, प्रजा, ज्ञाता. या पाचांत साम्य काय? वाक्यात कर्ता करतो, प्रजा मात्र दुसऱ्याचं ऐकते. ज्ञाता जाणतो, आणि विषय जाणला जातो. हे तर एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे आहेत. एकाच शब्दाच्या पोटात मालक आणि ताबेदार दोघे कसे काय नांदतात? आजचा प्रश्न हा आहे.

हा प्रश्न मी वर्गात चाळीसेक वर्षं विचारत आलो. पण खरं सांगायचं तर तो मला पहिल्यांदा टोचला निवृत्तीनंतर, एका हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर. माझ्या पत्नीच्या आजारपणात डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. भाग घ्यायचा असेल तर संमतिपत्रावर सही हवी. कागद दोन, एक इंग्रजी, एक मराठी. इंग्रजीत सगळीकडे 'सब्जेक्ट' लिहिलं होतं. मराठीत त्याच शब्दासाठी एका पानावर 'रुग्ण', दुसऱ्यावर 'सहभागी व्यक्ती', आणि तिसऱ्या पानावर, भाषांतर करणाऱ्याची बहुधा झोप झाली नसावी, चक्क 'विषय'. 'विषयाची सही' म्हणून रिकामी चौकट. आमची ही निवृत्त शाळा-मास्तरीण. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "अहो, यात मी नक्की कोण आहे?"

मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर. मला लगेच उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजा.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिन भाषेत 'याकेरे' असा एक धातू आहे. अर्थ, फेकणे, टाकणे. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून इंग्रजीत केवढं मोठं कुटुंब तयार झालंय बघा. आत टाकलं ते इंजेक्ट, म्हणून इंजेक्शन. परत फेकलं ते रिजेक्ट. बाहेर फेकलं ते इजेक्ट. पुढे फेकलं ते प्रोजेक्ट. शेजारी टाकलं ते अ‍ॅडजेक्टिव्ह, म्हणजे नामाजवळ नेऊन टाकलेला शब्द, आपलं विशेषण. समोर टाकलं ते ऑब्जेक्ट. आणि खाली टाकलं ते सब्जेक्ट. 'सब' म्हणजे खाली. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर सब्जेक्ट हा 'खाली टाकलेला' आहे.

एवढं कळलं की प्रजा हा अर्थ आपोआप उलगडतो. राजा वर, प्रजा खाली. 'सब्जेक्ट टू' हेही कळतं. आपल्या कायद्याच्या मराठीत त्यासाठी 'च्या अधीनतेने' असा भारदस्त शब्द आहे. पण मग कर्ता? ज्ञाता? ते खाली कसे पडले?

त्यासाठी आपल्याला ग्रीसमध्ये जावं लागेल, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात. अ‍ॅरिस्टॉटलपुढे एक साधा वाटणारा प्रश्न होता. आपण बोलतो तेव्हा कशाबद्दल तरी काहीतरी बोलतो. 'हा घोडा पांढरा आहे.' पांढरेपणा स्वतंत्र असा कुठे भटकत नाही, तो कशावर तरी असतो. मग ज्याच्यावर तो असतो, ज्याच्याबद्दल आपण बोलतो, पण जे स्वतः दुसऱ्या कशाबद्दल बोललं जात नाही, ते काय? हा समोरचा घोडा, हा समोरचा माणूस. त्याला अ‍ॅरिस्टॉटलने शब्द वापरला 'हायपोकेइमेनॉन'. 'हायपो' म्हणजे खाली, 'केइमेनॉन' म्हणजे असलेलं, पडलेलं. गुणांच्या खाली असलेला आधार. आपल्याकडे नैयायिक धर्म आणि धर्मी म्हणतात. अगदी तेच नव्हे, पण त्या शेजारचं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा 'खाली' अपमानाचा 'खाली' नाही. घराचा पायाही खालीच असतो. पाया खाली असतो म्हणून घर उभं राहतं. अ‍ॅरिस्टॉटलचा खालचा म्हणजे पायाचा.

पुढे साधारण आठशे-साडेआठशे वर्षांनी, रोमचं साम्राज्य कोसळल्यावर, बोएथियस नावाचा एक विद्वान रोमन अधिकारी हे ग्रीक तर्कशास्त्र लॅटिनमध्ये आणत होता. 'हायपोकेइमेनॉन'साठी त्याच्या लॅटिनमध्ये शब्द आहे 'सुबयेक्तुम'. ग्रीकमधलं 'खाली असलेलं' लॅटिनमध्ये 'खाली टाकलेलं' झालं. फरक थोडासाच. असलेल्याला कुणी असवलेलं नसतं, टाकलेल्याला मात्र कुणीतरी टाकलेलं असतं. पण शब्द रुजला. मध्ययुगातले पाद्री-पंडित हजार वर्षं बोएथियसच्या लॅटिनमधून अ‍ॅरिस्टॉटल शिकले. बोएथियसचा शेवट काय झाला माहीत आहे? ज्या थिओडोरिक राजाची त्याने चाकरी केली, त्यानेच राजद्रोहाच्या आरोपावरून इसवी सन 524 च्या सुमारास त्याला ठार मारलं. तर्कशास्त्रातला आधार लॅटिनमध्ये आणणारा माणूस स्वतः राजाच्या पायाखाली गेला. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात भेटले, असं मला नेहमी वाटतं.

आता इंग्रजी. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून चौदाव्या शतकात आला. तेव्हाचं रूप 'सुजेत'सारखं होतं. मधला 'ब' आणि 'क' नंतर लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी परत बसवला. पहिला अर्थ कोणता? तर प्रजेचा. शाळेचा नाही, व्याकरणाचा नाही, तत्त्वज्ञानाचा तर मुळीच नाही. इंग्रज माणसाने हा शब्द आधी मान खाली घालून ऐकला. तर्कशास्त्रातला, व्याकरणातला आणि 'ज्याच्यावर बोलायचं किंवा लिहायचं तो मजकूर' हे अर्थ विद्येच्या रस्त्याने मागाहून आले. म्हणजे आपण शाळेत पहिल्यांदा शिकतो तो अर्थ इतिहासात पहिला नाही.

बरं, प्रजा म्हणजे नक्की कोण? यावर इंग्लंडमध्ये 1608 साली एक खटला गाजला. कायद्याच्या इतिहासात तो 'कॅल्व्हिनचा खटला' म्हणून ओळखला जातो. 1603 साली स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेलं मूल इंग्लंडमध्ये परकं की आपलं? इंग्लंडमध्ये जमीन धारण करू शकेल की नाही? ज्याच्या नावाने खटला चालला तो कॅल्व्हिन हे लहान मूल होतं. न्यायाधीशांनी निकाल दिला की तो परका नाही, तो राजाचा जन्मजात सब्जेक्ट आहे. कारण निष्ठेचं नातं देशाशी नाही, राजाच्या व्यक्तीशी आहे. प्रजेने आज्ञा पाळायची आणि राजाने संरक्षण द्यायचं, असा तो दुहेरी करार. पण त्या करारावर सही कुणी केली? त्या मुलाने तर नाही. ते जन्मलं, आणि त्याक्षणी खाली गेलं.

आपल्या भाषेतले शब्द तपासून बघा, तिथेही हेच नातं दिसेल. 'प्रजा' या संस्कृत शब्दाचा पहिला अर्थ संतती. म्हणजे राजा बाप. 'रयत' हा शब्द अरबीतून आला, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ कळप, राखायची गुरंमेंढरं. म्हणजे राजा गुराखी. इंग्रजी, संस्कृत, अरबी. एका ठिकाणी पायाखालचे, दुसरीकडे लेकरं, तिसरीकडे मेंढरं. तिन्हीकडे संरक्षण आहे, माया असेलही, पण विचारणं नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली आपल्या संस्थेला 'रयत' हे नाव दिलं, तेव्हा त्या जुन्या शब्दाला त्यांनी केवढं उभं केलं, ते या पार्श्वभूमीवर कळतं.

अठराव्या शतकात युरोपात हे समीकरण हललं. 1762 साली रूसोने 'सामाजिक करार' लिहिला. त्यात तो एक फार बारकाईचा भेद करतो. तीच माणसं कायदा करण्यात भाग घेतात तेव्हा नागरिक असतात, आणि तोच कायदा पाळतात तेव्हा सब्जेक्ट असतात. म्हणजे अधीनता गेली नाही, पण आता माणूस स्वतःच केलेल्या कायद्याच्या अधीन आहे. हा विचार पचवायला फ्रान्सला सत्तावीस वर्षं लागली. 1789 च्या जाहीरनाम्याच्या शीर्षकातच 'माणूस आणि नागरिक' आहे, प्रजा नाही.

आणि आपण? आपल्याला राणीने 1858 च्या जाहीरनाम्यात आपली प्रजा म्हणून जवळ केलं, आणि इतर प्रजेसारखंच वागवू असं आश्वासन दिलं. गंमत अशी की आपल्या पहिल्या पिढीच्या नेत्यांनी याच खालच्या शब्दाचं शस्त्र केलं. आम्ही ब्रिटिश सब्जेक्ट आहोत ना? मग ब्रिटिश सब्जेक्टचे हक्क द्या. दादाभाई नौरोजी याच नात्याने 1892 साली सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले. दक्षिण आफ्रिकेत गांधीजीही सुरुवातीला याच जाहीरनाम्याच्या आधाराने भांडले. काँग्रेसच्या अधिवेशनात ठराव ठरवणाऱ्या समितीला 'सब्जेक्ट्स कमिटी' म्हणत, आपण मराठीत 'विषय नियामक समिती' म्हणतो. बघा, सब्जेक्ट लोक जमून सब्जेक्ट ठरवत होते! प्रजा विषय ठरवू लागली की प्रजा राहत नाही, हे राज्यकर्त्यांना कळायला वेळ लागला नाही.

1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. कायद्यात शब्द होता 'डिसअफेक्शन'. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला त्याचा अर्थ सांगितला, 'अफेक्शन' नसणं, म्हणजे प्रेमाचा अभाव. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. या अर्थाकडे जरा थांबून बघा. नुसतं बंड करू नका असं नाही. प्रजेने सरकारवर प्रेम करायला हवं, आणि प्रेम नसणं हा गुन्हा. खाली असणं आता शरीरापुरतं राहिलं नाही, मनही खाली हवं.

26 जानेवारी 1950 ला आपण प्रजासत्ताक झालो. 'प्रजा' आणि 'सत्ता' हे दोन शब्द एकत्र जोडले. रूसोचा अख्खा विचार एका मराठी समासात आला, असं मी वर्गात सांगत असे. कायद्यातली गंमत मात्र बाकी होतीच. ब्रिटनच्या 1948 च्या राष्ट्रीयत्व कायद्याने 'ब्रिटिश सब्जेक्ट' आणि 'कॉमनवेल्थ सिटिझन' या दोन्ही नावांचा अर्थ एकच ठरवला होता. त्यामुळे आपल्या घटनेने आपण नागरिक झालो, तरी त्यांच्या कायद्याच्या वहीत भारतीय नागरिक 1982 अखेरपर्यंत त्या जुन्या नावाखालीच राहिला. 1 जानेवारी 1983 पासून त्यांनी तो अर्थ आकसून घेतला. नाव खोडायला शाई फार लागत नाही, पण वेळ लागतो.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, कारण खरी उलथापालथ तिथे झाली. माझे विद्यार्थी इथे हमखास अडखळायचे, तेव्हा सावकाश जाऊ.

आज आपण म्हणतो, 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणजे वस्तुनिष्ठ, जे बाहेर खरंच आहे ते. 'सब्जेक्टिव्ह' म्हणजे व्यक्तिनिष्ठ, ज्याचं त्याचं, मनातलं. पण चौदाव्या शतकातल्या पंडितांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं. त्यांच्या लॅटिनमध्ये नेमकं उलट होतं. सुबयेक्तुम म्हणजे आधार, खरी वस्तू. तेव्हा एखादी गोष्ट 'सब्जेक्टिव्हली' आहे म्हणजे ती प्रत्यक्षात आहे. आणि ऑब्जेक्ट म्हणजे मनासमोर टाकलेलं. तेव्हा एखादी गोष्ट 'ऑब्जेक्टिव्हली' आहे म्हणजे ती विचाराचा विषय म्हणून आहे, मग बाहेर असो वा नसो. सोन्याचा डोंगर आज आपल्याला 'सब्जेक्टिव्ह' वाटतो, ओकहॅमच्या काळात तो 'ऑब्जेक्टिव्ह' होता. देकार्तने 1641 मध्ये 'चिंतने' लिहिली, त्यातही 'ऑब्जेक्टिव्ह रिअ‍ॅलिटी' हा शब्दप्रयोग याच जुन्या अर्थाने आहे. म्हणजे कल्पनेत दाखवली गेलेली वस्तू, त्या दाखवण्यापुरती जेवढी आहे तेवढी. आजचा अर्थ घेऊन ते पान वाचलं की सगळा युक्तिवाद डोक्यावर उभा राहतो. परीक्षेचे पेपर तपासताना असे डोक्यावर उभे राहिलेले देकार्त मी शेकड्यांनी पाहिलेत.

मग हे उलटं कसं झालं? देकार्तने सगळ्यावर संशय घेतला आणि शेवटी त्याच्या हाती काय उरलं? संशय घेणारा 'मी'. त्याने या 'मी'ला 'सब्जेक्ट' हे आजच्यासारखं नाव दिलेलं नाही. पण आधार कुठे शोधायचा, ती जागा त्याने बदलली. आधी पाया होता समोरचा घोडा, समोरचा माणूस. आता पाया झाला जाणणारा मी. घर तेच, पाया सरकला. आणि पायाचं जुनं नाव हळूहळू नव्या जागी चिकटलं. जर्मन तत्त्वज्ञानात, विशेषतः कांटच्या 1781 च्या ग्रंथानंतर, सब्जेक्ट म्हणजे ज्ञाता आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्याच्यासमोरची वस्तू हे पक्कं झालं. तिथून कोलरिजसारख्यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी वाचकांच्या गळी उतरवलं.

पण कांटने आणखी एक काम केलं, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे. त्याने या शब्दातल्या फसवणुकीवर बोट ठेवलं. लोक असा युक्तिवाद करत असत : जे नेहमी उद्देश्यच असतं, कधी विधेय होत नाही, ते द्रव्य. 'मी' हा माझ्या प्रत्येक विचारात उद्देश्यच असतो. म्हणून मी एक द्रव्य आहे, अविनाशी आत्मा आहे. ऐकायला बिनतोड. कांट म्हणतो, थांबा. पहिल्या वाक्यात तुम्ही वस्तूबद्दल बोलताय, दुसऱ्यात फक्त विचार करण्याच्या पद्धतीबद्दल. शब्द एक, अर्थ दोन. वाक्यात 'मी' पहिल्या जागेवर बसतो एवढ्यावरून तो अमर आहे हे सिद्ध होत नाही. आत्मा नाही असं तो म्हणत नाही, एवढंच म्हणतो की या वाटेने तो सापडणार नाही. अनेकार्थी शब्द किती महाग पडतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या घरात येऊ. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवातच या जोडीने केली आहे. त्यांचे शब्द आहेत 'विषय' आणि 'विषयी'. विषय म्हणजे जाणलं जाणारं, विषयी म्हणजे जाणणारा. अंधार आणि उजेड यांच्याइतके हे दोन वेगळे, तरी माणूस त्यांची सरमिसळ करतो आणि शरीराच्या गोष्टी स्वतःला लावून 'मी लठ्ठ, मी रोडका' म्हणतो. तेव्हा तत्त्वज्ञानातल्या सब्जेक्टला आपला तयार शब्द आहे 'विषयी', आणि ऑब्जेक्टला 'विषय'. झालं, प्रश्न मिटला?

छे! शाळेतल्या सब्जेक्टलाही आपण 'विषय'च म्हणतो. म्हणजे मराठीत सब्जेक्टही विषय आणि ऑब्जेक्टही विषय. बरं, 'विषयी' म्हणावं तर 'त्याविषयी बोलू' मध्ये तो शब्दयोगी अव्यय होतो, आणि 'विषयी माणूस' म्हटलं की लोक चारित्र्यावर संशय घेतात. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की कांटच्या मते सर्व ज्ञान विषयी माणसाला होते. मी त्याला अर्धा गुण दिला. आमच्यातले काही मग 'ज्ञाता' म्हणतात, काही 'आत्मनिष्ठ', 'व्यक्तिनिष्ठ' अशी रूपं वापरतात. सगळे थोडे थोडे बरोबर आहेत.

व्याकरणात तर आणखी मजा. इंग्रजी सब्जेक्टला आपण दोन शब्द वापरतो. वाक्यपृथक्करणात 'उद्देश्य', आणि प्रयोग ओळखताना 'कर्ता'. उद्देश्य हा अ‍ॅरिस्टॉटलच्या जवळचा, ज्याच्याबद्दल बोलायचं तो. पण कर्ता? पाणिनीने कर्त्याची ओळख सांगितली आहे ती स्वातंत्र्यावरून. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. बघा बरं, युरोपने वाक्याच्या मुख्य माणसाला नाव दिलं 'खाली टाकलेला', आपण नाव दिलं 'स्वतंत्र'. यावरून आपण श्रेष्ठ, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. व्याकरणात कर्ता स्वतंत्र होता तेव्हा समाजात किती जण स्वतंत्र होते, हा प्रश्न मग विचारावा लागेल. शिवाय आपल्याच मराठीत 'मला ताप आला' या वाक्यात कर्ता कोण? ताप! मी तिथे चतुर्थीत, अंथरुणावर पडलेला. आजारी माणसाची खरी अवस्था मराठी व्याकरणाला चांगली कळते.

आणि आजारी माणूस म्हटल्यावर मला परत त्या बाकावर जायला हवं.

'सब्जेक्ट' म्हणजे विषय, अभ्यासाचा विषय. आता अभ्यास माणसाच्या शरीराचा असेल तर? इंग्रजीत शवविच्छेदनासाठी आणलेल्या प्रेतालाही 'सब्जेक्ट' म्हणत असत. 1828 साली एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारली, आणि त्यांची प्रेतं शरीरशास्त्राच्या एका शिक्षकाला विकली. गरीब, एकटी, ज्यांची कुणी चौकशी करणार नाही अशी माणसं. जिवंतपणी ती राजाची सब्जेक्ट होती, मेल्यावर टेबलावरची सब्जेक्ट झाली. त्या प्रकरणानंतर प्रेतांच्या पुरवठ्यासाठी 1832 मध्ये कायदा करावा लागला. पुढे हाच शब्द जिवंत माणसांवरच्या प्रयोगांत स्थिरावला. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत काय केलं ते आपण जाणता. त्या डॉक्टरांवरच्या खटल्यातून 1947 साली न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम असं की, ज्या माणसावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती असल्याशिवाय चालणार नाही. तिथेही त्या माणसाला शब्द 'सब्जेक्ट' हाच आहे.

आणि इथे माझ्या मते हा शब्द आपलं पूर्ण चक्र फिरला. संमती कोण देऊ शकतो? प्रेत देऊ शकत नाही. कळपातलं मेंढरू देऊ शकत नाही. कॅल्व्हिन नावाच्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं. ज्याला 'मी' म्हणता येतं, जो समजून घेऊ शकतो आणि नाही म्हणू शकतो, तोच संमती देऊ शकतो. म्हणजे कांटच्या अर्थाचा सब्जेक्ट. संमतिपत्रावरच्या त्या चौकटीत दोघे एकाच जागी बसलेले असतात. एक ज्याच्यावर प्रयोग होणार तो, आणि दुसरा, ज्याच्या होकारावाचून प्रयोग होऊ शकत नाही तो. सही दुसऱ्याने करायची असते, पहिल्याच्या वतीने.

आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2000 साली संशोधनाची नीतितत्त्वं काढली, तेव्हा शीर्षकात 'ह्यूमन सब्जेक्ट्स' असं होतं. 2006 च्या आवृत्तीत ते 'ह्यूमन पार्टिसिपंट्स' झालं, म्हणजे सहभागी माणसं. चांगली गोष्ट झाली. पण 2019 च्या औषध-चाचण्यांच्या नियमांत 'ट्रायल सब्जेक्ट' हा शब्द आहेच. मला विचाराल तर मी यावर फार चिडत नाही. नाव बदलून 'सहभागी' केलं आणि कागद मात्र न समजणाऱ्या भाषेत पुढे सरकवला, तर तो माणूस खालीच राहिला. उलट जुनंच नाव ठेवून कुणी शेजारी बसून नीट समजावलं, तर तो वर आला. शब्द महत्त्वाचा आहे, पण त्याच्या शेजारी कोण बसतं तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

त्या दिवशी तिथली एक तरुण डॉक्टर खरंच आमच्या शेजारी येऊन बसली. आमच्या हिने तिला तीन प्रश्न विचारले. औषध खरं मिळणार की नुसती गोळी, हे आधी कळणार का? त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? आणि मधेच सोडावंसं वाटलं तर कुणी रागावणार नाही ना? डॉक्टर म्हणाली, आजी, तुम्ही केव्हाही सोडू शकता, कारणही सांगायला नको. तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील. हिने ते पुन्हा एकदा म्हणून घेतलं. मग मराठी कागदावरच्या 'विषयाची सही' यातला 'विषयाची' हा शब्द पेनाने खोडला, वर सुवाच्य अक्षरात 'माझी' असं लिहिलं, आणि सही केली. डॉक्टर म्हणाली, असं खोडलेलं चालणार नाही, नवीन फॉर्म आणते. ही म्हणाली, आणा, मी थांबते.

फॉर्म यायला वीसेक मिनिटं लागली. नव्या फॉर्मवरही 'विषयाची' असंच छापलेलं होतं. या वेळी तिने खोडलं नाही. म्हणाली, "छापू दे त्यांना काय छापायचं ते. मला विचारलं ना, बास."

मी उत्तर शोधत अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत गेलो होतो. ती त्याआधीच पोचली होती.

आज इथे थांबतो. पुढच्या वेळी 'ऑब्जेक्ट'चा धाकटा भाऊ 'ऑब्जेक्शन' घेऊ. तोवर आपापल्या बिलांवरची, फॉर्मवरची बारीक अक्षरं जरा वाचून बघा. आपण कशाकशाच्या 'सब्जेक्ट टू' आहोत, आणि त्यातलं किती आपल्याला विचारून झालेलं आहे, याची एक यादी केलीत तरी आजचा तास सत्कारणी लागला म्हणेन.